लिमिटच्या किती खाली? मास प्रॉडक्शनसाठी ईएमसी मार्जिन मोजून ठरवण्याची पद्धत

लॅबमधून एमिशनचा, म्हणजे उपकरणातून बाहेर पडणाऱ्या विद्युतचुंबकीय गडबडीचा, रिपोर्ट येतो. त्यावर 'पास' लिहिलेलं असतं, सगळ्यात वाईट फ्रिक्वेन्सीला रीडिंग लिमिटच्या १.२ डीबी खाली असतं, आणि दुपारपर्यंत प्रॉडक्शनचा फोन येतो: "मग लॉट लावायचा ना?" या प्रश्नाचं उत्तर त्या रिपोर्टमध्ये सापडत नाही. रिपोर्ट एका नगाचा आहे. कारखान्यातून हजारो नग बाहेर पडणार आहेत आणि त्यांतला एकही या नगासारखा हुबेहूब निघणार नाही. त्या फरकासाठी लिमिटच्या खाली जी जागा राखून ठेवायची, ते ईएमसी मार्जिन (ईएमसी म्हणजे उपकरणांनी एकमेकांना विद्युतचुंबकीय त्रास न देणं). ते अंदाजानं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते मोजून काढता येतं, आणि काढायलाच हवं. हा लेख हार्डवेअर, क्वालिटी किंवा प्रॉडक्शनमध्ये नव्यानं आलेल्यांसाठी आहे.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण धरून चालू: टीव्हीला जोडायचा सेट-टॉप बॉक्स. मागे एचडीएमआय आणि इथरनेट, सोबत १२ व्होल्टचा अडॅप्टर.

आधी लिमिट नीट वाचा

अशा घरगुती वस्तूला सिस्पर या आंतरराष्ट्रीय समितीचं सिस्पर ३२ हे मानक आणि त्यातला घरगुती वापरासाठीचा क्लास बी लागतो. हवेतून जाणाऱ्या (रेडिएटेड) एमिशनसाठी ३० ते २३० मेगाहर्ट्झमध्ये लिमिट १० मीटर अंतरावर ३० आणि ३ मीटर अंतरावर ४० डीबी मायक्रोव्होल्ट प्रति मीटर आहे. २३० मेगाहर्ट्झच्या वर १ गिगाहर्ट्झपर्यंत ते ३७ आणि ४७ होतं. हे सगळे आकडे क्वासी-पीक डिटेक्टरचे, म्हणजे गडबड जितकी वारंवार येते तितकं जास्त वजन देणाऱ्या मोजणीचे. पीकचं रीडिंग क्वासी-पीकपेक्षा कधी कमी येत नाही, म्हणून आधी पीकनं झपाट्यानं स्कॅन करतात आणि लिमिटच्या जवळ आलेल्या फ्रिक्वेन्सीच क्वासी-पीकनं पुन्हा मोजतात.

डेसिबलची सवय करून घ्या. ४० डीबी मायक्रोव्होल्ट प्रति मीटर म्हणजे १०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. ६ डीबी वाढलं की फील्ड दुप्पट, ३ डीबी वाढलं की साधारण १.४ पट. वरच्या रिपोर्टमधलं १.२ डीबी मार्जिन म्हणजे लिमिट गाठायला फील्ड फक्त १५ टक्क्यांनी वाढायचं बाकी आहे. असं सांगितलं की मीटिंगमधल्या मंडळींना परिस्थिती लगेच कळते, एरवी 'एक पॉइंट दोन' ऐकून कुणी मान वर करत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघा, कारण 'पास म्हणजे पास' हे वाक्य तुम्हाला रोज ऐकायला मिळेल. एका नगाच्या चाचणीपुरतं ते खरं आहे. रीडिंग लिमिटच्या खाली असेल तर लॅब पास देते. पण युरोपच्या २०१४/३०/ईयू या निर्देशात उत्पादकावर स्पष्ट जबाबदारी आहे की मालिकेत बनणारा मालही नियमात राहील अशी व्यवस्था त्यानं ठेवावी. अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामकाचे नियमही हेच मागतात: नंतर विकलेले नग चाचणी झालेल्या नगाशी जुळले पाहिजेत, फरक चालेल तो मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनात अपेक्षित असतो तेवढाच. सिस्परनं या अपेक्षेला आकडा दिला आहे. निदान ८० टक्के माल लिमिटच्या खाली असावा, आणि हे विधान निदान ८० टक्के खात्रीनं करता आलं पाहिजे. यालाच ८०/८० नियम म्हणतात. त्याचं संख्याशास्त्र सिस्पर १६-४-३ मध्ये आहे.

भारतातल्या नवख्यांचा एक गोंधळ इथेच दूर करतो. बीआयएसची सक्तीची नोंदणी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सुरक्षिततेची आहे, ती झाली म्हणजे ईएमसी झालं असं नाही. दूरसंचार उपकरणांना टीईसी या दूरसंचार विभागाच्या संस्थेच्या एमटीसीटीई या सक्तीच्या चाचणी योजनेत ईएमसीची चाचणी वेगळी लागते.

मार्जिन कोण खातं ते ओळखा

तीन वेगळ्या गोष्टी रीडिंग वरखाली करतात, आणि त्या एकमेकींत मिसळल्या की काहीच सुधारता येत नाही.

पहिली गोष्ट लॅब. सिस्पर १६-४-२ मध्ये मोजमापाच्या अनिश्चिततेचे मान्य आकडे आहेत: ३० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झच्या रेडिएटेड चाचणीला ६.३ डीबी, मेन्सच्या तारेवरच्या १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झच्या कंडक्टेड चाचणीला ३.४ डीबी. हे साधारण ९५ टक्के विश्वासाचे आकडे आहेत. लॅबची स्वतःची अनिश्चितता यापेक्षा कमी असेल तर निकाल देताना काही मिळवायचं नसतं. जास्त असेल तर वरचा फरक रीडिंगमध्ये मिळवायचा. याचा व्यवहारातला अर्थ असा की तुमच्या लॅबमध्ये ३८ दाखवणारा नग दुसऱ्या देशातल्या, तितक्याच चांगल्या लॅबमध्ये ४१ दाखवू शकतो, आणि दोघांचंही चुकलेलं नसतं. बाजारातून नग उचलून तपासणारी यंत्रणा तुमच्या लॅबमध्ये येणार नाही, तिच्या लॅबमध्ये जाईल.

दुसरी गोष्ट मांडणी. टेबल ८० सेंटिमीटर उंच, अँटेना १ ते ४ मीटर वरखाली होते, टर्नटेबल पूर्ण फिरतं, आडवं आणि उभं अशी दोन्ही पोलरायझेशन तपासतात. हे सगळं यंत्र करतं. केबल मात्र माणूस लावतो. लोंबणारी केबल जमिनीपासून ४० सेंटिमीटरच्या आत येत असेल तर तिच्या ३० ते ४० सेंटिमीटर लांबीच्या घड्या घालून गुंडी करायची असते. ही गुंडी टेबलाच्या कडेशी कुठे येते, एचडीएमआय आणि इथरनेटच्या केबल एकमेकींना चिकटून जातात की वेगळ्या, यावर १०० मेगाहर्ट्झच्या आसपासचं रीडिंग काही डीबी सहज हलतं. म्हणून पहिल्याच दिवशी मांडणीचे फोटो घ्या, चारही बाजूंनी, शेजारी टेप धरून. केबलचा ब्रँड आणि लांबी लिहून ठेवा. पुढच्या वेळी हीच केबल पिशवीतून सोबत न्या, लॅबच्या कपाटातली घेऊ नका.

तिसरी गोष्ट नग. आपल्याला खरा रस हिच्यात आहे.

सेट-टॉप बॉक्सवरच पाहू. १०८०पी, ६० हर्ट्झचं चित्र पाठवताना एचडीएमआयचा क्लॉक १४८.५ मेगाहर्ट्झचा असतो. स्कॅनमध्ये त्या जागी एक सुळका दिसतो, बऱ्याचदा २९७ मेगाहर्ट्झलाही दिसतो. सुळका किती उंच हे मुख्यतः कनेक्टरच्या धातूच्या कवचावर ठरतं. हे कवच बोर्डाच्या ग्राउंडला चार पायांनी सोल्डर केलेलं असतं आणि त्याच्या स्प्रिंगच्या जिभा मागच्या पत्र्याला टेकलेल्या असतात. पत्रा रंगवताना खिडकीच्या कडेवर रंगाचा पातळ थर गेला, तर जीभ टेकलेली दिसते पण विजेचा संपर्क होत नाही. एका नगात रंग आहे, शेजारच्यात नाही. डोळ्यांना दोन्ही सारखे, अँटेनाला ५ डीबींचा फरक. मल्टिमीटर कवचावर आणि पत्र्यावर लावून पाहिला तरी फसवतो, कारण ग्राउंडची वाट दुसऱ्या स्क्रूमधून लांबून मिळते आणि तो बीप देतो. कडेजवळचा रंग खरवडून पुन्हा मोजणं हाच पुरावा.

बाकीची कारणं कमी नाट्यमय आहेत, पण बेरीज मोठी होते. फेराइट बीडचा इम्पिडन्स २५ टक्के इकडेतिकडे असणं नेहमीचं आहे. अडॅप्टरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वाइंडिंगचे थर किती दाबून बसले यावर प्रायमरी-सेकंडरीमधली कपॅसिटन्स बदलते आणि कॉमन-मोड करंट (केबलच्या सगळ्या तारांतून एकाच दिशेनं जाणारा) तिथूनच येतो. वाय कपॅसिटरची टॉलरन्स २० टक्के. मॉसफेट दुसऱ्या कंपनीचा लावला तर डेटाशीटवर तेच व्होल्टेज, तोच करंट, पण स्विचिंगची कड जास्त तीव्र.

एकाच नगावर पुनरावृत्ती करा

नग एकच, पण प्रत्येक वेळी सगळं उतरवून, केबल काढून, पुन्हा नव्यानं मांडून तीन ते पाच वेळा मोजा. शक्य असेल तर एकदा दुसऱ्या ऑपरेटरकडून मांडून घ्या. येणारा फैलाव म्हणजे मांडणीचा (इथे आणि पुढे फैलावाचा आकडा म्हणजे प्रमाण विचलन). नगांमधला फैलाव नंतर काढाल तेव्हा त्यातून हा वेगळा करता येईल: प्रमाण विचलनांचे वर्ग घ्यायचे, वजाबाकी करायची, वर्गमूळ काढायचं.

लॅबचा वेळ महाग असतो आणि तासावर मिळतो, म्हणून ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. गाळू नका. मांडणीचाच फैलाव २ डीबी असेल तर बोर्डावर आठवडाभर केलेली १ डीबीची सुधारणा तुम्हाला दिसणारसुद्धा नाही.

महाराष्ट्रात यासाठी लांब जावं लागत नाही. मुंबईत समीर ही सरकारी संशोधन संस्था आणि सरकारच्याच एसटीक्यूसीची ईआरटीएल वेस्ट ही लॅब आहे, वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी पुण्यात एआरएआय ही संस्था आहे, खासगी लॅबही आहेत. निवडताना एकच पाहा: पुढचे सगळे फेरे त्याच लॅबमध्ये करता येतील का. तुलना हवी असेल तर लॅब बदलायची नाही.

नमुने शेल्फवरून उचला

डिझाइनच्या टेबलावरचा नग नमुना म्हणून धरू नका. तो दहा वेळा उघडलेला असतो, त्यात कुणीतरी एक जास्तीची सोल्डर घातलेली असते. पायलट लॉटमधून पाच नग घ्या, तेही लागोपाठचे नकोत. वेगवेगळ्या दिवसांचे, दोन शिफ्टचे, जमलं तर फेराइटच्या आणि कपॅसिटरच्या वेगळ्या रीलमधले, पत्र्याच्या वेगळ्या खेपेतले. लागोपाठचे पाच नग एकमेकांसारखेच निघतात, फैलाव खोटा कमी दिसतो आणि गणित तुम्हाला खोटा दिलासा देतं.

आता गणित

८०/८० साठी सिस्परचा मुख्य सूत्र-नियम असा आहे: सरासरीत 'के' गुणिले प्रमाण विचलन मिळवायचं, आणि बेरीज लिमिटपेक्षा जास्त नसली पाहिजे. 'के' नगांच्या संख्येवर ठरतो. ३ नगांना २.०४, ५ नगांना १.५२, ७ नगांना १.३५, १० नगांना १.२४. नग कमी तपासले की दंड जास्त, एवढाच त्याचा अर्थ.

समजा ३ मीटर अंतरावर १४८.५ मेगाहर्ट्झला पाच नगांची रीडिंग अशी आली: ३४.२, ३६.१, ३५.०, ३७.४, ३३.८. सरासरी ३५.३, प्रमाण विचलन १.४७. त्याला १.५२ नं गुणलं की २.२३. बेरीज ३७.५. लिमिट ४०. पास, आणि हाताशी अडीच डीबी शिल्लक.

दुसऱ्या डिझाइनची रीडिंग समजा: ३३.०, ३८.६, ३५.२, ३९.४, ३३.८. पाचही नग लिमिटच्या खाली. सरासरी ३६.०, म्हणजे पहिल्यापेक्षा जेमतेम पाऊण डीबी वर. पण प्रमाण विचलन २.८६ आहे. गुणाकार ४.३५, बेरीज ४०.३५. नापास. एकही नग लिमिट ओलांडत नाही आणि तरी लॉट नापास होतो, हे पहिल्यांदा पाहताना पटत नाही. पण विचार करा, पाचांतले दोन ३८ च्या वर आहेत आणि फैलाव इतका मोठा आहे, तर पुढच्या हजारांत ४० ओलांडणारे किती असतील? या दुसऱ्या डिझाइनला सरासरी खाली आणण्यापेक्षा फैलाव कमी करणं जास्त उपयोगी पडेल. मांडणीचा फैलाव १ डीबी धरला तरी नगांचा २.७ उरतो, तेव्हा दोष कारखान्यात शोधायचा. पत्र्यावरचा रंग पहिला संशयित.

प्रमाण विचलन काढायचं नसेल तर एक सोपी वाटही आहे. फैलाव ६ डीबी असेल असं आधीच धरून, सगळ्यात वाईट नग लिमिटपासून ठरावीक अंतर खाली आहे का एवढंच पाहायचं: ३ नगांना ३.८ डीबी, ४ ना २.५, ५ ना १.५, ६ ना ०.७. आपल्या पहिल्या डिझाइनचा वाईट नग ३७.४, हवा ३८.५ च्या आत, पास. दुसऱ्याचा ३९.४, इथेही नापास. तिसरी पद्धत फक्त मोजणीची: ७ नगांत एकही नापास नको, १४ मध्ये १ चालेल, २० मध्ये २. ही मला फारशी आवडत नाही. नग लिमिटच्या किती जवळून गेला ही सगळी माहिती ती फेकून देते, आणि त्यासाठी लॅबचा वेळ मात्र जास्त लागतो.

गणित एकाच फ्रिक्वेन्सीवर करून थांबू नका. पहिल्या नगाचा वाईट सुळका १४८.५ ला असेल, तिसऱ्याचा डीडीआर मेमरीच्या क्लॉकवर. पट्टा भागांमध्ये वाटा आणि प्रत्येक भागात प्रत्येक नगाचं लिमिटपासूनचं सगळ्यात कमी अंतर घेऊन हेच करा.

एकच नग असेल तर

प्रोटोटाइपच्या वेळी पाच नग नसतातच. तेव्हा सगळीकडे ऐकू येतं ते '६ डीबी ठेवा'. हा आकडा कुठून येतो ते समजून घ्या. एकाच नगावरून ८०/८० चं विधान करायचं तर मार्जिन फैलावाच्या सुमारे १.६८ पट लागतं. फैलाव २ डीबी असेल तर ३.४ डीबी पुरतात. ३ असेल तर ५. ३.५ असेल तर ५.९. म्हणजे ६ डीबी म्हणणारा माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, तुमच्या कारखान्याचा फैलाव ३.५ डीबी धरतो आहे. कसलेल्या पुरवठादारांकडून माल घेणाऱ्या, एकाच असेंब्ली लाइनच्या उत्पादनाला हे जास्त आहे. प्लास्टिकच्या डब्यात सैल केबल कोंबून तीन ठिकाणी जॉबवर्कनं बनणाऱ्या वस्तूला कमी पडेल. मागच्या उत्पादनाचा फैलाव तुमच्याकडे लिहून ठेवलेला असेल तर तो वापरा, नसेल तर पहिल्या प्रोटोटाइपला ६ धरा आणि पायलट लॉटनंतर खरा आकडा टाका.

कंडक्टेड चाचणीचं गणित तेच आहे. तिथे लिसनमुळे (मेन्स आणि नग यांच्यामध्ये लावायचं, ठरलेला इम्पिडन्स देणारं नेटवर्क) मांडणीचा फैलाव कमी असतो आणि अडॅप्टर मुख्य गुन्हेगार असतो. क्वासी-पीक आणि ॲव्हरेज अशी दोन्ही लिमिटं सांभाळावी लागतात, तेव्हा दोन्हींचं मार्जिन स्वतंत्र काढा.

मार्जिन कुठे मिळवायचं

उगमापाशी. बोर्डावर कॉमन-मोड चोकची जागा आधीच ठेवा, नाही लागला तर शून्य ओहम लावता येतो. मॉसफेटच्या गेटला रेझिस्टर द्या. डीडीआर क्लॉकला स्प्रेड स्पेक्ट्रम (फ्रिक्वेन्सी किंचित हलवून सुळका पसरवण्याची सोय) असेल तर चालू करा. पत्र्याला कनेक्टरच्या खिडकीभोवती रंग नको हे ड्रॉइंगवर लिहा, तोंडी सांगून भागत नाही. यांपैकी बहुतेक गोष्टींना डिझाइनच्या वेळी जवळपास खर्च नसतो.

केबलवर फेराइटचा ठोकळा चढवणं हा शेवटचा उपाय. चाचणीत लावला तर तो प्रत्येक ग्राहकाच्या डब्यात जावा लागतो, म्हणजे प्रत्येक नगावर खर्च, आणि पॅकिंगला तो टाकायचा राहिला की तो नग नियमाबाहेर.

लॉट सुरू झाल्यावर

एमिशनवर परिणाम करणाऱ्या सुट्या भागांची वेगळी यादी करा आणि ती खरेदी विभागाकडे द्या. साधारण वीस-पंचवीस भाग निघतात: मॉसफेट, डायोड, ट्रान्सफॉर्मर, चोक, वाय आणि एक्स कपॅसिटर, क्लॉकजवळचे बीड, कनेक्टर, गास्केट, पीसीबी आणि तिचा स्टॅक-अप, पत्रा. यांतला पुरवठादार बदलायचा झाला तर आधी ईएमसीची सही. फर्मवेअरही यादीत घाला. पिनची ड्राइव्ह स्ट्रेंथ वाढवणारा किंवा स्प्रेड स्पेक्ट्रम बंद करणारा एक बिट अपडेटमधून गेला की सगळ्या लॉटचं मार्जिन एका रात्रीत जातं, आणि हार्डवेअरवाले महिनाभर बोर्डात दोष शोधत बसतात.

चाचणीत मोजलेला एक नग सीलबंद ठेवा. रीडिंग, मांडणीचे फोटो आणि केबलसकट. कारखान्यात चेंबर नसतं, पण केबलभोवती लावायचा करंट प्रोब आणि एक साधा स्पेक्ट्रम ॲनालायझर परवडतो. १ मीटर लांब केबलवर ५० मेगाहर्ट्झला फक्त ५ मायक्रोॲम्पिअर कॉमन-मोड करंट असला तरी ३ मीटरवर साधारण १०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर फील्ड होतं, म्हणजे क्लास बीचं लिमिट गाठलं. इतक्या लहान करंटवर नजर ठेवायची आहे. प्रोबच्या आकड्यावरून पास-नापास ठरवू नका. सीलबंद नग आणि आजचा नग शेजारी ठेवून, तीच केबल, तोच टेबल, दोघांत फरक किती ते पाहा. फरक ३ डीबीच्या वर गेला तर नग लॅबला पाठवा.

लॅबमध्ये ऑडिटचा नग लिमिटच्या वर आला तर काय? पुन्हा पुन्हा मांडून चांगलं रीडिंग येईपर्यंत मोजायची पद्धत काही ठिकाणी रुजली आहे. ती बंद करा. तीन रीडिंगांतलं चांगलं निवडणं म्हणजे मांडणीचा फैलाव आपल्या सोयीनं वापरणं, ग्राहकाच्या घरी तो तुमच्या सोयीनं वागणार नाही. मांडणी फोटोशी जुळते का ते एकदा तपासा, सीलबंद नग मोजा. तो जुन्या आकड्यावर असेल तर लॅब ठीक आहे आणि दोष मालात आहे. माल थांबवा, त्याच लॉटमधून आणखी चार नग काढा, पाचांचं गणित करा. सुरुवातीचा नापास नग त्या पाचांत धरायचाच, तो वगळला तर गणिताला अर्थ उरत नाही. बेरीज लिमिटच्या वर गेली तर भागांची यादी उघडा आणि मागच्या चांगल्या लॉटनंतर काय काय बदललं ते एकेक करून तपासा. बदललेला भाग जुन्या भागानं बदलून तोच नग पुन्हा मोजला की उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.